गावात सगळ्यांची नावं माहीत होती

या वेळची निम्मी पत्रं एकाच विषयावर आलीत. कोण नोकरीसाठी, कोण लग्न करून, कोण मुलाकडे राहायला म्हणून गाव सोडून शहरात आलंय आणि आता खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी मोजतंय. चार पत्रं घेतली आहेत, पहिलं लांब आहे पण कापवलं नाही माझ्याच्याने.

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका प्लीज. माझं सगळं आयुष्य गावात गेलं, सव्वा वर्षापूर्वी मिस्टरांच्या बदलीमुळे शहरात आलो. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, म्हणजे तक्रार करायला तोंड नाही. पण मला इथे कोंडल्यासारखं होतं. गावात सकाळी पडल्या पडल्या कुठला पक्षी ओरडतोय ते न बघता कळायचं, वारा कुठून सुटलाय त्यावरून पाऊस येणार का ते कळायचं. इथे मला काहीच कळत नाही. रविवारी गार्डनला जातो तर हिरवळीवर चालू नये असा बोर्ड, सगळी झुडपं कापून चेंडूसारखी गोल केलेली, वरून स्पीकरवर गाणी, मी जास्तच उदास होऊन घरी येते. मिस्टर म्हणाले चार कुंड्या आण. आणल्या, दोन मेल्या. आणि यंदा पहिला पाऊस आला तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहिले तर मातीचा वाससुद्धा आला नाही हो. रडूच आलं. मला वेड लागलंय का, की शहरात निसर्ग नसतोच आणि मी उगाच शोधतेय?

उत्तर : वेड बिड काही नाही. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले, 'न बघता कळायचं'. मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथे आहे. गावाकडे काय सगळीकडे हिरवंगार असतं असं थोडंच आहे, अर्धं वर्ष तर माळ करपलेला असतो आणि तरीही तेव्हा तुम्हाला कोंडल्यासारखं होत नव्हतं, कारण तिथल्या झाडापाखरांशी तुमची ओळख होती. कोण कधी येतं, कोण कशाला ओरडतं, सगळं पाठ. इथे तुम्ही अनोळखी घरात पाहुण्यासारख्या बसलाय, आणि पाहुण्याला गार्डन दाखवायला नेतात तसं तुम्हाला रविवारी गार्डन दाखवलं जातंय. त्याने कसं बरं वाटेल?

आधी पावसाच्या वासाचं सांगते कारण ते मलाही लागलं होतं. तो वास पावसाच्या पाण्याचा नसतो, बराचसा मातीतल्या बारीक जिवाणूंचा असतो, ते जिवाणू जिओस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात आणि आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की हवेत अगदी नावापुरतं असलं तरी कळतं. कोरड्या जमिनीवर थेंब आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेऊन उडतात, सोड्याच्या ग्लासात तोंडावर तुषार येतात ना तसं. २०१५ मध्ये याचं हाय स्पीड कॅमेऱ्याने शूटिंगही झालंय आणि त्यात दिसलं की हलक्या सरीत हे जास्त होतं, धो धो पावसात कमी. आता तुम्ही सातव्या मजल्यावर आणि खाली पार्किंगभर पेव्हर ब्लॉक, तर वास येणार कुठून. पुढच्या वेळी आभाळ भरून आलं की लिफ्टने खाली जा आणि जिथे उघडी माती असेल तिथे, अगदी झाडाच्या बुंध्याभोवतीच्या हातभर आळ्यापाशी उभ्या राहा, पहिल्या पाच मिनिटांत, नंतर उपयोग नाही. लोक बघतील, बघू दे. मी एकदा कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहिले होते कारण तेवढीच माती होती आणि वॉचमनला वाटलं माझं काही हरवलंय.

आता मुख्य मुद्दा, गार्डन काही दिवस सोडा. तुमच्याकडे एक फार चांगली वस्तू आहे आणि तुम्ही तिला नावं ठेवताय, ती म्हणजे सातव्या मजल्यावरची खिडकी. गावात घराभोवती झाडं असतात म्हणून आभाळ तुकड्यातुकड्याने दिसतं, तुम्हाला इथे उंचीवरून सरळ दिसतंय. खिडकी पूर्वेकडे असेल तर एक करा, आज सूर्य कुठल्या बिल्डिंगच्या कुठल्या कोपऱ्यातून वर येतो ते बघा, रोज एकाच जागी उभं राहून, आणि ग्रिलवर पेन्सिलने खूण करा. आठवड्याने पुन्हा. २१ मार्चच्या आसपास तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि त्याच दिवसांत सगळ्यात भराभर सरकतो, आठ दिवसांत खूण हललेली स्पष्ट दिसते. जूनमध्ये उत्तरेच्या टोकाला जाऊन थबकतो आणि उलटा फिरतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या टोकाला तसंच. उत्तरायण दक्षिणायन आपण कॅलेंडरवर वाचतो, ते मी माझ्या ग्रिलवर तेरा खुणांमध्ये बघितलंय आणि खरं सांगते, या शहरात मला कुठे काय आहे ते माहीत आहे असं पहिल्यांदा तेव्हा वाटलं. खिडकी पश्चिमेकडे असेल तर मावळतीला हेच करा.

तसाच चंद्र. तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कुकर लावायच्या वेळेला दोन टॉवरच्या मधून लाल तांबडा वर येताना दिसेल. शहराच्या उजेडात आकाशगंगा दिसणार नाही ते खरंय, कृत्तिकेचा पुंजकाही धूसर दिसेल, पण शुक्र, गुरू, मृगाचे तीन तारे आणि त्यांच्या रेषेत खाली चमकणारा व्याध, यांना कुठल्याही हॅलोजनचा बाप झाकू शकत नाही. ही मंडळी गावातलीच आहेत, तुमच्या आधी येऊन राहिलीत.

मग पाखरं. तुम्हाला इथे आवाज ओळखू येत नाहीत कारण पाखरं थोडी वेगळी आहेत आणि बराचसा आवाज ट्रॅफिक खातो. सुरुवात दोघातिघांपासून करा. सकाळी ऊन तापलं की घार बघा, पंख न हलवता गोल गोल वर चढते, कारण तापलेल्या सिमेंटवरून आणि रस्त्यावरून गरम हवा वर उठते आणि ती त्या हवेच्या जिन्यावरून चढते. तुमच्या सातव्या मजल्याच्या लेव्हलला आली की तिच्या शेपटीची खाच दिसेल, गावात मान वर करून कधी दिसली होती का? संध्याकाळी बिल्डिंगच्या आसपास कर्कश चिवचिवाट करत कोयत्यासारख्या पंखांचे बारके पक्षी झुंडीने फिरतात ते बघा. मी दोन महिने त्यांना चिमण्या समजत होते. त्या पाकोळ्या (काही भागात पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ, ते वेगळं). यांना चिमणीसारखं तारेवर बसता येत नाही, पाय इतके आखूड की फक्त भिंतीला लटकता येतं, आणि घरटं पिसं काड्या थुंकीने चिकटवून छज्जाखाली किंवा पुलाखाली करतात. यांच्याच जवळच्या एका युरोपातल्या जातीवर २०१६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी छोटी यंत्रं लावून बघितलं तर त्यातले काही वर्षाचे दहा महिने खाली टेकलेच नव्हते, खाणं झोपणं सगळं हवेत. मला हे कळल्यावर संध्याकाळी त्यांच्याकडे बघायची नजरच बदलली, आपण उंचावर राहतो म्हणून काय कुरकुर करतोय असं झालं.

आणि एक झाड धरा. एकच, रोज जाता येता दिसेल असं, सुंदर नसलं तरी चालेल, खरं तर नसलेलंच बरं. रिक्षा स्टँडजवळचं, बस स्टॉपमागचं, काहीही. त्याला नवी पालवी कधी फुटते, मुंग्या कुठून चढतात, ढोलीत कोण राहतं, खाली कुणाची शीट पडते (त्यावरून वर कोण बसतं ते कळतं, हे तुम्हाला मी काय सांगणार). महिनाभर काहीच घडत नाही असं वाटेल. नंतर एक दिवस फांदीवर घरटं दिसेल आणि तुम्हाला माहीत असेल की ते काल नव्हतं.

किती वेळ द्यायचा असं विचाराल तर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांचा एक अभ्यास आला होता, आठवड्याला दोन तास तरी झाडापानांत घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगितलं, आणि ते दोन तास एकदम की थोडे थोडे याने फरक पडला नाही. आता मुळात बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, त्यामुळे औषधाच्या डोससारखं धरू नका. पण रोज सतरा अठरा मिनिटं म्हणजे भाजी आणायला जाताना वाट वाकडी करण्याइतकाच वेळ आहे.

कुंड्यांचं एवढंच की बहुतेक कुंड्या पाण्याने मरतात, तहानेने कमी. बोट पेराएवढं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर पाणी नको. उंचावर वारं जास्त म्हणून वरची माती पटकन सुकते आणि आपल्याला वाटतं झाड तहानलंय. हे तुम्हाला शेतात कळत होतंच, कुंडीत हात घालायची लाज वाटते इतकंच.

प्रश्न : मॅडम, माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर त्यांना मी माझ्याकडे शहरात आणलं. आयुष्यभर शेती केली त्यांनी. आता दिवसभर खुर्चीत बसून असतात, बाहेर चला म्हटलं की म्हणतात इथं बघण्यासारखं काय आहे. मागच्या महिन्यात मुद्दाम एका रिसॉर्टला नेलं, झाडं वगैरे खूप होती, तर तिथेही गप्प. काय करू?

उत्तर : दादा, तुम्ही त्यांना बघायला नेताय आणि त्यांनी आयुष्यात शेत कधी 'बघितलं' नाही, केलं. वाफ्यात पाणी कुठून फोडायचं, कुठला सड उपटायचा, ढग खोटा की खरा, हे लोक त्यांना विचारायला यायचे. रिसॉर्टमध्ये त्यांना कोणी काय विचारलं? चहा घेणार का, एवढंच ना.

म्हणून त्यांच्या पुढ्यात निर्णय ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये असेच एक आजोबा आले होते, सहा महिने कुणाशी बोलले नाहीत. मग कंपाउंडमधल्या कडुनिंबाची पानं अवेळी पिवळी पडायला लागली, सगळे म्हणाले कीड लागली, फवारा मारा. आजोबा काठी घेऊन खाली आले, बुंध्याशी वाकले आणि काठीने सिमेंटवर टकटक केलं. कुणीतरी हौसेने बुंध्याला अगदी चिकटवून फरशी घातली होती, झाडाला पाणीही जात नव्हतं आणि मुळांना हवाही नाही. 'गळा आवळलाय त्याचा' म्हणाले. कमिटीत यावर तीन मीटिंगा झाल्या, त्यात कोण काय बोललं ते लिहीत नाही. शेवटी फरशी फोडून चार फुटांचं आळं केलं, आणि ते कुठवर फोडायचं हे आजोबांनी खुर्ची टाकून बसून सांगितलं, माती कशी भुसभुशीत करायची, पालापाचोळा झाडून फेकायचा नाही तिथेच पसरायचा, पाणी बुंध्याशी न घालता फांद्यांच्या सावलीच्या कडेकडेने घालायचं कारण पाणी ओढणारी बारीक मुळं बाहेरच्या अंगाला असतात. झाड सावरलं. आजोबा आता रोज खाली असतात आणि मुलांना ओरडतात, पण ते चालायचंच.

तुमच्याकडेही असं एखादं झाड असेल, नसेल तर रिकामं ड्रम आणि मातीचं पोतं तरी असेल. फक्त 'बाबा, तुमचा वेळ जावा म्हणून' असं म्हणू नका, लगेच कळतं त्यांना. 'मला जमत नाहीये, तुम्ही सांगा' म्हणा, आणि सांगितलं की तसंच करा, गुगल करून चूक काढू नका.

त्यांची खुर्ची मात्र खिडकीकडे तोंड करून ठेवा, झाड दिसेल अशी. अमेरिकेत रॉजर उलरिक म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी १९८४ मध्ये एका हॉस्पिटलमधल्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी तपासल्या, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. छोटा अभ्यास आहे पण खुर्ची फिरवायला काय लागतं.

आणि हे सगळं करूनही ते जेवत नसतील, झोपत नसतील, आईचा विषयच टाळत असतील किंवा कशातच मन नाही असं सारखं म्हणत असतील तर डॉक्टरांना दाखवा. उतारवयातलं डिप्रेशन पुष्कळदा गप्प बसण्याच्या रूपात येतं आणि घरचे म्हणतात गाव आठवतंय.

प्रश्न : रात्री अडीच तीनला कोकिळा ओरडते, गावी असं कधी ऐकलं नव्हतं. झोप मोडते. शहरात पक्षी पण बिघडलेत का? काही उपाय?

उत्तर : आधी एक दुरुस्ती, ओरडतो तो कोकीळ, नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज किक किक असा तुटक असतो, कविता करण्यासारखा नाही. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, म्हणजे जिथे कावळे भरपूर तिथे कोकिळांची सोय, आणि कावळे शहरात किती ते तुम्ही बघताच.

रात्रीचं म्हणाल तर विणीच्या हंगामात कोकीळ गावातही रात्री ओरडतो, दिवसभर राबून तुम्हाला तेव्हा गाढ झोप लागत असणार. पण शहराचा परिणाम पाखरांवर होतो हे खरं आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात रॉबिन पक्षी रात्री गातात, सगळ्यांना वाटायचं रस्त्यावरच्या दिव्यांमुळे, पण २००७ मधल्या अभ्यासात दिसलं की जिथे दिवसा गोंगाट जास्त तिथे ते रात्री जास्त गातात. दिवसा ऐकूच जात नाही तर बिचारे काय करतील, आपणही महत्त्वाचा फोन असला की घरातले सगळे झोपल्यावर करतो. उपाय म्हणून खिडकी लावा किंवा कापूस, हंगाम संपला की थांबेल.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या पाइपजवळ भिंतीतून पिंपळाचं रोप आलंय. सासूबाई म्हणतात काढायचं नाही, नवरा म्हणतो भिंत फुटेल. मी शेतकऱ्याची मुलगी, मला झाड उपटवत नाही. कोण बरोबर?

उत्तर : नवरा. पिंपळाची मुळं फटीत शिरून जाड होत जातात आणि भिंत उकलतात, आणि रोप चार पानांचं असतानाच निघतं, नंतर वरून छाटलं तर पुन्हा फुटतं. पण जिवंत काढता येतं. फटीत पाणी सोडून माती प्लास्टर ओलं करा, रात्रभर राहू दे, सकाळी चमच्याच्या दांड्याने फट मोकळी करत मुळासकट ओढा, घाईने खेचलं तर मूळ आत तुटतं. मग कुंडीत लावा आणि हातभर झालं की जिथे मोकळी जागा असेल आणि परवानगी मिळेल तिथे जमिनीत, भिंतीपासून आणि ड्रेनेजपासून खूप लांब. म्हणजे सासूबाईंचंही राहील.

काढण्याआधी दोन दिवस त्याच्याकडे बघा मात्र. ते तिथे आलं कसं, तर कुठल्या तरी पाखराने कुठे तरी पिंपळाचं फळ खाल्लं आणि तुमच्या पाइपवर बसून शिटलं, बी मोहरीपेक्षाही बारीक. आणि ते बी तयार झालं म्हणजे जवळपास कुठेतरी मोठा पिंपळ फळतोय, कारण पिंपळ, वड, उंबर यांची फुलं फळाच्या आत बंद असतात आणि परागीकरण करायला त्या त्या झाडाची ठरलेली एवढीशी गांधीलमाशी आत शिरावी लागते. उंबर फोडून केंबरं कशाला काढायची म्हणतो ना आपण, ती केंबरं म्हणजे हीच मंडळी. म्हणजे तुमच्या बाथरूमच्या आसपास कुठे तरी झाड आहे, माशा आहेत, पाखरं आहेत, सगळा कारखाना चालू आहे.

माझ्याकडे असंच रोप काढताना पाइपच्या कॉलरवर नखाएवढा उड्या मारणारा कोळी बसला होता, करडा, केसाळ. मी बोट डावीकडे नेलं की तो अख्खा वळून डावीकडे बघायचा, उजवीकडे नेलं की उजवीकडे. आठ डोळे असतात, त्यातले पुढचे दोन मोठे, गाडीच्या हेडलाइटसारखे. हे जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, बघून झेप घालतात, आणि झेपेआधी मागे एक धागा चिकटवतात, पडलेच तर लटकायला. माझ्यासमोर एका चिलटावर उडी मारली, चुकली, धाग्याला लटकला, आणि पुन्हा वर चढून त्याच जागी येऊन बसला. रोप काढायचं मी त्या दिवशी राहू दिलं, दुसऱ्या दिवशी काढलं.